'देवाची इच्छा' क्लासचा रिव्ह्यू: ६ शनिवार, ९०० रुपये आणि राहून गेलेला एक प्रश्न

आधीच सांगतो, क्लासचं आणि चर्चचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारीपण आहेत आणि शिकवणारे पाळकसाहेब (म्हणजे चर्चचे पास्टर) मला तोंडावरून ओळखतात, रविवारी परत समोर यायचंच आहे. पुण्यातलाच क्लास, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी ५ ते ७, असे सहा शनिवार. फी ९०० रुपये, त्यात नोट्स आणि चहा. विषय होता देवाची इच्छा आणि माणसाची स्वतंत्र इच्छा. ऐन पावसाळ्यात ठेवला होता त्यामुळे पत्र्यावर सर आली की माईक असून नसल्यासारखा, ही पहिली तक्रार इथेच नोंदवून ठेवतो.

मी का गेलो ते सांगायला लागेल नाहीतर रिव्ह्यू कळणार नाही. मी मोटार इन्शुरन्सच्या क्लेममध्ये काम करतो, सोळा वर्षं झाली. माझ्यासमोर रोज लोक बसतात आणि सांगतात, साहेब ब्रेक लागलाच नाही, साहेब गाडी आपोआप तिकडे गेली, साहेब देवाचीच इच्छा. आणि माझं काम काय, तर चूक कोणाची आणि किती टक्के. ट्रिब्युनलमध्ये केस गेली तरी शेवटी तेच होतं, ट्रकवाला ७०, बाईकवाला ३०, चला पुढची फाईल. आणि घरी माझी आई, मूळची नगरची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, तिचं दूध उतू गेलं तरी प्रभूची इच्छा. बायको वसईची, कॅथलिक, ती शांतपणे म्हणते, आई, गॅस बारीक करायचा राहिला होता. ह्या दोघींच्या मध्ये मी बारा वर्षं जेवतोय. त्यामुळे व्हॉट्सॲपवर क्लासचं पत्रक आलं तेव्हा मी पाच मिनिटांत पैसे पाठवले, म्हटलं बघू तरी टक्केवारी काय निघते.

पहिला शनिवार एकदम पैसे वसूल. पाळकसाहेबांनी बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या दहा पीडांच्या अध्यायांच्या (मोशे गुलाम इस्राएली लोकांना सोडवायला येतो, मिसरचा राजा फारो सोडत नाही, म्हणून देव एकामागून एक संकटं पाठवतो) झेरॉक्स वाटल्या आणि प्रत्येकाला दोन पेनं दिली, एक लाल एक निळं. फारोचं मन कठीण झालं असं जिथे जिथे आलंय तिथे खूण करायची, फारोने स्वतःच केलं किंवा नुसतं 'कठीण झालं' असं असेल तर निळी, परमेश्वराने कठीण केलं असं सरळ लिहिलं असेल तर लाल. बावीस माणसं शाळेतल्या पोरांसारखी कागदावर वाकून बसली होती. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय, संडे स्कूलमध्ये बेडकं आणि टोळ ह्यांची चित्रं रंगवलीयेत, पण हे कधी दिसलं नव्हतं, की पहिल्या पाच पीडांमध्ये सगळ्या निळ्या खुणा पडतात. रक्त, बेडूक, उवा, माश्या, जनावरांचा रोग, दर वेळी तो माणूसच आडमुठेपणा करतोय. बेडूक गेले, जरा सुटका झाली, की लगेच पलटी. पहिली लाल खूण पडते ती सहाव्या पीडेला, गळवं येतात तिथे. आणि त्यानंतर सातव्या पीडेला गारा थांबल्यावर परत एक निळी येते! म्हणजे इतकं होऊनही तो अजून स्वतः ठरवतोय.

मला वाटलं सुटलं कोडं, आधी माणूस हट्ट करतो, मग देव त्याला त्याच्या हट्टावर सोडतो. पण पाळकसाहेब प्रामाणिक माणूस, त्यांनी लगेच पान मागे उलटायला लावलं, की मोशे मिसरात पोचायच्या आधीच, चौथ्या अध्यायात, देव त्याला सांगून ठेवतो की मी फारोचं मन कठीण करीन. म्हणजे सगळ्यात पहिली खूण लालच. हॉलमध्ये जरा शांतता झाली. मग त्यांनी ओरिजेनचं सांगितलं, तिसऱ्या शतकातला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा विद्वान, तो म्हणतो ऊन एकच असतं पण त्याने मेण वितळतं आणि चिखल कडक होतो. छान आहे, पण माझ्या शेजारचे काका हळूच म्हणाले, चिखलाला चिखल कोणी केलं मग? मी त्यांच्याशी त्या दिवसापासून दोस्ती केली.

दुसरा शनिवार ऑगस्टिन विरुद्ध पेलागियस, चौथ्या-पाचव्या शतकातले दोन ख्रिस्ती विचारवंत. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला वाटत होतं पेलागियस म्हणजे व्हिलन, आणि निघाला आपल्या शाळेतल्या कडक मास्तरांसारखा. ब्रिटनमधून रोमला आलेला, शिस्तीचा माणूस. त्याच्या डोक्यात तिडीक कशाने गेली तर ऑगस्टिनच्या एका प्रार्थनेने, तू जे सांगतोस ते करायची ताकद दे, आणि मग तुला हवं ते सांग. पेलागियसला वाटलं हे म्हणजे लोकांना सरळ सुट्टी देणं झालं, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळता येते, नाहीतर दिली कशाला? खरं सांगतो, मला तो पटला. ऑफिसमध्ये रोज "आपोआप झालं" ऐकणाऱ्या कोणालाही पटेल.

मग ऑगस्टिनची बाजू आली आणि तिथे मी गप्प झालो. तो सोळा वर्षांचा असताना पोरांबरोबर रात्री शेजाऱ्याच्या झाडाची नासपती चोरतो. भूक नव्हती, फळं काही खास नव्हती, घरी त्याहून चांगली होती, बरीचशी डुकरांपुढे फेकून दिली. आणि पुढे चाळिशी ओलांडलेला, बिशप झालेला हा माणूस स्वतःला विचारत बसतो की मग मी चोरली का? चोरायचं म्हणून चोरली. हे वाचून दाखवलं तेव्हा मला आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरच्या चिंचा आठवल्या, आंबट ढाण, कोणी खात नव्हतं, तरी चोरायचो. ऑगस्टिनचं म्हणणं असं की माणूस निवडतो हे खरंच आहे, कोणी मानगूट धरून करून घेत नाही, पण ज्याने निवडतो ती इच्छाच वाकडी झालीये, त्यामुळे तिला आधी सरळ करायला लागते आणि ते काम कृपेचं, म्हणजे देव स्वतःहून देतो त्या मदतीचं. गाडी तुम्हीच चालवताय, फक्त अलाइनमेंट गेलीये, स्टिअरिंग सोडलं की डावीकडेच ओढते. (हे उदाहरण माझं, पाळकसाहेबांचं नाही, त्यांच्याकडे स्कूटर आहे.) ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण फेटाळली. ऑगस्टिन ४३० मध्ये गेला, तेव्हा बाहेर वँडल लोकांनी त्याच्या हिप्पो शहराला वेढा घातलेला होता, आज ते अल्जीरियात येतं.

पण एक राहिलं ते राहिलंच. कृपा आधी लागते तर मग ती काहींना मिळते आणि काहींना नाही असं का? ऑगस्टिन म्हातारपणी ह्यावर जे बोलतो ते फार कडक आहे, आणि पाळकसाहेबांनी ते शेवटच्या सात मिनिटांत उरकलं. चहा थंड होत होता हे मान्य, पण तरी.

तिसरा शनिवार सगळ्यात फिल्मी आणि सगळ्यात गडबडीचा. दोन तासांत लुथर (ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट सुरू झाले), कॅथलिक विद्वान एरास्मस, मग प्रॉटेस्टंटांतलेच कॅल्विन, अर्मिनियस, वेस्ली, एवढी माणसं एका टेम्पोत कोंबली तर काय होणार. एरास्मस आणि लुथरचं भांडण तेवढं छान रंगवलं. एरास्मसने १५२४ मध्ये माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहिलं, त्याचं उदाहरण म्हणजे बाप पडलेल्या लहान लेकराला उभं करतो, समोर सफरचंद दाखवतो, पडेल तिथे हात देतो, आणि शेवटी सफरचंद त्याच्या हातात ठेवतो. सगळं बापाने केलं, पण पोरगं काहीच चाललं नाही असं म्हणाल का? लुथरने पुढच्या वर्षी उत्तर दिलं, त्याच्याकडे माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर, वर देव बसला तर देवाच्या वाटेने, सैतान बसला तर त्याच्या वाटेने, आणि कोणी बसायचं ते जनावर ठरवत नाही. आणि तरी लुथर त्यात एरास्मसचं कौतुक करतो की बाकीचे पोप आणि फुटकळ गोष्टींवर भांडत बसले, तू एकट्याने मुद्द्याच्या नरडीला हात घातलास. असे भांडणारे लोक आता राहिले नाहीत.

हॉलंडचं मला काहीच माहीत नव्हतं. तिथला धर्मपंडित अर्मिनियस १६०९ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या लोकांनी पाच मुद्द्यांचं निवेदन दिलं, थोडक्यात असं की कोणाला तारायचं ही देवाची निवड माणसाच्या विश्वासाकडे बघून होते आणि कृपा माणसाला नाकारता येते. त्यावर डॉर्ट शहरात सिनॉड, म्हणजे चर्चची परिषद, बसली, नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९, आणि निकाल लागला कॅल्विनच्या बाजूने, म्हणजे निवड सगळी देवाचीच, माणसाकडे बघून नाही, तेच ते पाच मुद्दे ज्यांना आता इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ट्युलिप म्हणतात. ह्यात राजकारण इतकं मिसळलं होतं की सिनॉड उठल्यावर चारच दिवसांनी ओल्डनबार्नेव्हेल्ट नावाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याचं मुंडकं उडवलं, आणि ह्यूगो ग्रोशियस, मोठा कायदेपंडित, त्याला जन्मठेप, किल्ल्यात टाकला. तो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत बसून पळाला, डोकं बायकोचं. आता ही पेटी देवाने आधीच नेमून ठेवली होती का बायकोने स्वतःच्या अकलेने आणली, हा प्रश्न मी विचारला. सगळे हसले, उत्तर मिळालं नाही. मी चेष्टेत विचारला नव्हता पण.

वेस्लीला, म्हणजे मेथडिस्ट ज्याच्यापासून निघाले त्याला, दहा मिनिटं मिळाली. पूर्वनेमणुकीच्या, म्हणजे कोणाचं तारण (मोक्ष) व्हायचं ते देवाने आधीच ठरवलंय ह्या शिकवणीच्या, विरुद्ध त्याने १७३९ मध्ये संदेश दिला, त्याचा मित्र व्हाइटफील्ड पक्का कॅल्विनवाला, दोघांचं जाहीर वाजलं, आणि तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा त्याच्यासाठी स्मरणाचा संदेश वेस्लीनेच दिला. इथून पाळकसाहेब एका वाक्यात आपल्याकडे आले आणि ते वाक्य त्यांनी लांबवायला हवं होतं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन आले, कॅल्विनच्या वळणाचे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल घराण्यातले आले, बॅप्टिस्ट आले, ब्रिटिश मिशनचे मेथडिस्ट आले. म्हणजे ज्या भांडणावर हॉलंडमध्ये माणसं तुरुंगात गेली त्या भांडणाच्या दोन्ही बाजूंची पतवंडं आमच्याकडे एका बाकावर बसून एकच गीत गातात, आणि बाकाखालून कोणी कोणाला लाथ मारत नाही. माझ्या आईला विचारलं तर ती स्वतः कुठल्या बाजूची हे तिला माहीत नाही. ती म्हणते, मी नगरची.

नोट्सबद्दल इथेच बोलून घेतो. ४० पानांची झेरॉक्स, माझ्या प्रतीत १४ नंबरचं पान दोनदा आणि १५ नाहीच. ते सोडा, पण भाषा! पूर्वनिर्धारणवाद, अप्रतिरोध्य अनुग्रह, सहक्रियावाद. अहो आजीच्या पवित्र शास्त्रात साधं 'नेमून ठेवले' लिहिलंय, तुम्ही पूर्वनिर्धारण कशाला करताय. आणि स्वतंत्र इच्छेला आपल्याकडे स्वखुशी हा इतका सुंदर शब्द आहे, दानाच्या पाकिटावर असतो तो, स्वखुशीचं अर्पण. सहा आठवड्यांत एकदाही कोणाच्या तोंडात आला नाही. बोलताना पाळकसाहेब मस्त मराठी बोलतात, लिहायला बसले की कोण त्यांच्या अंगात येतं काय माहीत.

चौथ्या शनिवारी बाहेरून एक जेझुइट (कॅथलिकांचा एक संघ) फादर आले होते, म्हणून बायकोला घेऊन गेलो. (एका वेळचे जादा १५० रुपये घेतले, हे पत्रकावर नव्हतं, लिहून ठेवा.) आणि खरं सांगू का, ह्या एका शनिवारसाठी मी सगळ्या क्लासची फी द्यायला तयार आहे. मोलिना नावाचा स्पॅनिश जेझुइट, त्याचं पुस्तक १५८८ मध्ये लिस्बनला आलं. तो म्हणतो देवाला फक्त काय होणार हेच माहीत नसतं, तर कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःच्या मनाने काय केलं असतं तेही माहीत असतं. जर-तरचं ज्ञान. फादरांनी त्यासाठी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला २३ वा अध्याय उघडायला लावला. दावीद कईला गावात अडकलाय, शौल राजा त्याच्या जिवावर उठलाय, तो देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावातले लोक मला त्याच्या हवाली करतील का? करतील. हे ऐकून दावीद माणसं घेऊन निघून जातो, मग शौल येतच नाही आणि कोणी कोणाला हवाली करत नाही. आता सांगा, देवाने सांगितलेलं भविष्य खोटं ठरलं का? नाही, ते जर-तरचं होतं, आणि दावीद ते ऐकून स्वतः उठला आणि चालायला लागला. माझ्या बायकोने तिथेच मला कोपर मारलं, म्हणाली, बघ, गॅस बारीक केला त्याने.

मग डॉमिनिकन, म्हणजे कॅथलिकांच्याच दुसऱ्या संघाचे लोक खवळले, त्यांचा बान्येझ नावाचा पंडित, की असं म्हणाल तर देव माणसाच्या निवडीची वाट बघत बसला असं होतं. जेझुइट म्हणाले, तुमचं धरलं तर माणसाची निवड नावालाच उरते. रोममध्ये ह्यावर पोपच्या समोर चौकशी बसली, वर्षानुवर्षं बैठका, एक पोप मध्येच वारला, आणि १६०७ मध्ये पाचव्या पौल पोपने काय निकाल दिला? निकालच दिला नाही. दोघेही आपापलं शिकवा, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, योग्य वेळी आम्ही निर्णय कळवू. तो निर्णय आजपर्यंत आलेला नाही! चारशेच्या वर वर्षं फाईल पेंडिंग. मी आयुष्यात इतका शहाणा शेरा कुठल्या फाईलवर वाचलेला नाही, आणि मी फाईली खूप वाचल्यात.

त्याच दिवशी चहाच्या आधी फादरांनी हॉलमधली पेटी ओढली. पाळकसाहेबांच्या मुलाला पट्ट्यांवर बसवलं, स्वतः भाता धरला. पोरगं पट्टी दाबतंय, फादर भाता हलवत नाहीत, आवाज नाही. फादर भाता हलवतात, पोराने हात काढला, नुसती फुसफुस. मग दोघांनी मिळून ख्रिसमसच्या गाण्याची एक ओळ वाजवली, जुलै महिन्यात. आणि फादर आमच्याकडे बघून म्हणाले, ह्या सुरात किती टक्के भात्याचा आणि किती टक्के बोटांचा? मी तर खुर्चीत सरळ झालो, कारण हा माझाच प्रश्न होता, सोळा वर्षं मी हेच विचारून पगार घेतोय. ते म्हणाले १०० भात्याचा आणि १०० बोटांचा. थॉमस अक्वायनस ह्या कॅथलिक पंडिताने तेराव्या शतकात असंच सांगितलं, देव पहिलं कारण आणि माणूस दुसरं कारण, दोघं एका ओळीत उभे नाहीत की एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होईल. देव आणि माणूस म्हणजे चौकात धडकलेल्या दोन गाड्या नव्हेत.

उदाहरण पूर्ण बसत नाही हे मला घरी जाताना सुचलं. भाता काही बोटं बनवत नाही, आणि इथे तर भाताच बोटं बनवतो म्हणतात. शिवाय बेसूर वाजला तर? तेव्हा मात्र सगळे म्हणणार बोटांची चूक. बायको म्हणाली तू प्रत्येक गोष्टीचा क्लेम का करतोस. पण तरी, आस्मानी का सुलतानी ह्या दोनच खान्यांत सगळं टाकायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला तिसरा खाना दिसला ही मोठी गोष्ट. (आणि आमच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पूर, वीज, भूकंप आणि दंगल सगळंच कव्हर असतं, लोक वाचत नाहीत.)

पाचवा शनिवार परत पाळकसाहेबांचा आणि तो त्यांचा सर्वात चांगला. गेथशेमाने. पकडून क्रुसावर देणार त्याच्या आदल्या रात्री येशू तिथल्या बागेत प्रार्थना करतोय, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नाही तर तुझ्या. ह्या एका वाक्यावर सातव्या शतकात केवढं रण झालं. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाला राज्यात एकी हवी होती, त्यामुळे ख्रिस्ताची इच्छा एकच, देवाची, असं म्हणून टाका आणि वाद मिटवा असा घाट, आणि पुढे तर ह्यावर बोलायलाच बंदी. मॅक्सिमस नावाचा साधू अडून बसला की नाही, त्याला माणसाची इच्छापण होती, खरी, मरणाला घाबरणारी, नाहीतर बागेत त्याने प्रार्थना केली ती नाटक होती का? ऐंशी पार केलेला म्हातारा, ६६२ मध्ये त्याची जीभ कापली आणि उजवा हात तोडला, बोलायचं आणि लिहायचं दोन्ही बंद, आणि जॉर्जियाकडे हद्दपार केला, त्याच वर्षी तो गेला. ६८० आणि ६८१ ला परिषद बसली आणि तिने त्याचंच म्हणणं उचललं, दोन इच्छा, आणि माणसाची इच्छा देवाच्या इच्छेने गिळलेली नाही.

पाळकसाहेब इथे थांबले आणि म्हणाले, आपण दर रविवारी म्हणतो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही मागणी आहे, 'झालेलं आहे' असं नाही म्हटलेलं. जे सगळं घडतं ती देवाचीच इच्छा असती तर हे रोज मागायची गरज काय? माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी ही प्रार्थना बोलायला लागलो त्या वयापासून म्हणतोय आणि कायम हात टेकल्यासारखी म्हणतोय, आता तूच बघ, असं. बागेतला माणूस घामाघूम होऊन ते म्हणत होता, आणि पळून जायला त्याला सगळी रात्र मोकळी होती. बायकोला घरी हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे हे येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल सांगतात, देवाचा दूत येऊन तुला मुलगा होईल असा निरोप देतो आणि मग तिच्या होकारासाठी थांबतो. क्लेर्व्होचा बर्नार्ड म्हणून बाराव्या शतकातला संत, त्याचा एक संदेश आहे त्यात तो मरियेला अक्षरशः घाई करतो, लवकर बोल, सगळं जग ताटकळलंय. वसईला संध्याकाळी देवळाची घंटा झाली की तिची आजी हातातलं काम टाकून मरियेच्या ह्याच होकाराची प्रार्थना म्हणायची. आमच्या प्रॉटेस्टंट क्लासमध्ये मरियेचं नावही निघालं नाही. सवय, दुसरं काय.

आता सहावा शनिवार, आणि इथे स्टार कापले. प्रश्नोत्तरं होती. मागच्या रांगेत एक काकू बसायच्या, सहाही शनिवार आल्या, कधी बोलल्या नाहीत, वहीत मात्र सगळं लिहायच्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी बाईकवरून गेला, ओल्या रस्त्यावर, अंत्यविधीला सगळे मला म्हणाले देवाची इच्छा, तर मला एवढंच सांगा, होती का?

पाळकसाहेब चांगले आहेत, मनाने हळवे आहेत, म्हणूनच बहुतेक घाबरले. त्यांनी पटकन योसेफाची गोष्ट काढली, भावांनी त्याला गुलाम म्हणून विकलं, म्हणजे वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं, उत्पत्तीचा पन्नासावा अध्याय. गोष्ट खरी आहे, पण ती योसेफ स्वतः बोलतो, जगून वाचून, मंत्री झाल्यावर, स्वतःच्या भावांना. तीन वर्षांनी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला ती दुसऱ्या कोणी सांगायची नसते. काकूंनी मान डोलावली आणि बसल्या. वही मिटली. आणि पुढचा प्रश्न कोणीतरी विचारला की देव काळाच्या बाहेर आहे का.

मला राग ह्याचा आला की ह्यासाठीचं पान सहा आठवड्यांत उघडलंच नव्हतं. लूकच्या तेराव्या अध्यायात आहे, सिलोहाचा बुरूज कोसळला आणि अठरा माणसं मेली. बुरूज! म्हणजे चक्क अपघाताची केस, ती मी कशी विसरणार. लोकांच्या मनात होतं की त्यांचं काहीतरी पाप असणार. येशू म्हणतो ते यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही. आणि मग तो कारण सांगत नाही. देवाची इच्छा होती असंही म्हणत नाही, गवंड्याची चूक होती असंही म्हणत नाही, ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. जरा कडकच वाटतं ते, सांत्वनबिंत्वन नाही त्यात. पण निदान मेलेल्यांच्या अंगावर काही लादत नाही. हे पान त्या दिवशी नुसतं वाचून दाखवलं असतं, वर काही न बोलता, तरी चाललं असतं. कॅल्विन आणि मोलिना आणि बान्येझ सगळे हुशार, पण सगळ्यांची भांडणं तारण कोणाचं आणि कसं ह्यावर, आणि हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांचा प्रश्न वेगळाच होता, ओल्या रस्त्याचा. पत्रक छापताना हे कोणाला सुचलं नाही?

तर रेटिंग. शिकवणं पाचपैकी साडेचार, जेझुइट फादर पाचपैकी पाच, नोट्स दीड, माईक शून्य, चहा ठीक, पहिले दोन शनिवार वडे होते नंतर बिस्किटांवर आले. एकूण साडेतीन. पार्किंग आत नाही, बाहेर टू-व्हीलर उचलतात, ती देवाची इच्छा नाही, ट्रॅफिकवाल्यांची आहे. जाणार असाल तर पहिला, चौथा आणि पाचवा शनिवार चुकवू नका, तिसऱ्याला घरून थोडं वाचून जा नाहीतर नावांच्या ढिगात हरवाल. घरी कोणी 'प्रभूची इच्छा' म्हणणारं असेल तर त्यांना घेऊन जा असं म्हणणार होतो, पण माझी आई नाही आली. म्हणाली, मला माहीत आहे ते. गेल्या आठवड्यात दूध उतू गेलं तेव्हा मात्र माझ्याकडे बघून काही बोलली नाही, नुसतं फडकं घेतलं.

शेवटच्या दिवशी पाऊस होता म्हणून काकूंना गेटपर्यंत छत्रीतून सोडायला गेलो. त्यांनी विचारलं तुम्ही काय करता, मी सांगितलं अपघाताचे क्लेम बघतो. त्या जरा हसल्या, मग तुम्हीच सांगा की. मी म्हटलं काकू, माझ्याकडे फक्त टक्के असतात. रिक्षा येईपर्यंत त्यांनी मुलाबद्दल सांगितलं, कुठे कामाला होता, गाडी कशी स्वतःच्या पैशाने घेतली होती, चेन सैल झाली की स्वतःच करायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. रिक्षात बसताना म्हणाल्या, डिसेंबरच्या बॅचला परत नाव दिलंय. मी म्हटलं परत? तर म्हणाल्या, हो, ह्या वेळी पहिल्याच शनिवारी विचारणार आहे. मीपण नाव दिलंय, लूकचा तेरावा अध्याय आधीच झेरॉक्स करून घेऊन जातोय, बावीस प्रती, माझ्या खर्चाने.